पहिलीच्या वर्गात लेकरू मुके का होते?

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्या भाषणात त्यांनी सरकारपुढे एक आकडा ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात, असे त्यांनी दाखवून दिले. शाळेचा उंबरठा ओलांडलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू आहे, अशी त्यांची भूमिका होती.

या भाषणाला आता शंभर वर्षे होत आली. आज आपल्या वस्तीतले जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत जाते. हजेरीपटावर नाव आहे, गणवेश आहे, दुपारची खिचडी आहे. मग वाचन? ग्रामीण भारतात घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासणाऱ्या 'असर' या पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की, सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ साली हेच प्रमाण १६.३ टक्के होते. म्हणजे कोरोनानंतर सुधारणा झाली ती ही एवढी. पाचवीच्या वर्गातही सरकारी शाळेतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नाही. बाबासाहेबांनी मांडलेला आकडा आणि हा आकडा एकाच मापाचे नाहीत, हे आम्ही जाणतो. पण दोन्हींतून दिसणारे दुखणे एकच आहे. त्या काळी मूल शाळा सोडून निरक्षर होत होते, आज ते शाळेत बसून निरक्षर राहते. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आपली मुले सरकारी शाळेतून केव्हाच काढून नेली. मागे उरली ती शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, बौद्धवाड्यांतली, मातंग वस्त्यांतली, तांड्यांवरची आणि पाड्यांवरची लेकरे. तेव्हा हा प्रश्न कोणाचा आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या अपयशाचे एक तयार उत्तर प्रस्थापितांकडे नेहमीच असते. "आईबाप अडाणी, घरी वातावरण नाही, मुले मुळातच कच्ची." आम्हाला हे उत्तर मान्य नाही. पाच वर्षांचे वस्तीतले मूल पाहा. ते धाकट्या भावंडाला सांभाळते, दुकानदाराशी सुट्ट्या पैशांवरून भांडते, आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट तिखटमीठ लावून सांगते, जयंतीच्या दिवशी अख्खे भीमगीत न चुकता म्हणते. त्याच्या वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद बरोबर जागी असतात. काळ चुकत नाही, लिंग चुकत नाही. एवढी भाषा कमावलेले मूल कच्चे कसे? मग हेच बोलके मूल पहिलीच्या वर्गात गेल्यावर महिन्याभरात मुके का होते, असा प्रश्न आम्ही विचारतो.

ते मुके होते, कारण त्याला गप्प केले जाते. मूल म्हणते, "बाई, मले पानी पाह्यजे." त्याला पाणी मिळण्याआधी सुधारणा मिळते. "मले नाही, मला. पानी नाही, पाणी." दुसऱ्या दिवशी "व्हय" म्हटल्यावर वर्ग हसतो. तिसऱ्या दिवशी मूल मान हलवून उत्तर देते आणि चौथ्या दिवशी उत्तर देणेच सोडून देते. बाई दुष्ट असतात असे नव्हे. अनेकदा त्या बाईही आपल्यासारख्याच घरातून, हीच बोली बोलत आलेल्या असतात. त्यांनाही कोणीतरी असेच शुद्ध करून घेतलेले असते. पण 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द कुठून आले, याचा विचार चळवळीच्या माणसाने तरी करायला हवा. ज्या समाजव्यवस्थेने माणसाच्या सावलीला विटाळ मानले, तिनेच त्याच्या बोलण्यालाही विटाळ मानले. सावलीचा विटाळ घटनेने गुन्हा ठरवला. जिभेचा विटाळ मात्र अजूनही 'शुद्धलेखन' या सोवळ्या नावाने वर्गात पाळला जातो.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने 'पानी' आणि 'पाणी' यांत कोणतेही रूप वरचढ नाही. एक रूप पुस्तकात छापले गेले, दुसरे छापले गेले नाही, इतकाच फरक आहे. आणि छापखाना कोणाच्या हातात होता, हे आपल्याला ठाऊक आहे. भगवान बुद्धांपुढेही हा प्रश्न आला होता. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बांधावे असे सुचवले, तेव्हा तथागतांनी त्यांना नकार दिला आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत धम्म शिकावा अशी मोकळीक दिली, असे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात नोंदलेले आहे. जी सवलत तथागतांनी धम्म शिकणाऱ्याला दिली, ती आपण अक्षर शिकणाऱ्या सहा वर्षांच्या लेकराला नाकारतो आहोत.

आपल्या साहित्याने तर या सोवळ्याचा फोलपणा केव्हाच सिद्ध केला. अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले असे सांगतात आणि त्याच माणसाची 'फकिरा' आज विद्यापीठात शिकवली जाते. दया पवारांचे 'बलुतं', बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' या पुस्तकांत वस्तीची बोली ताठ मानेने उभी राहिली. विद्यापीठातला प्राध्यापक ज्या बोलीवर प्रबंध लिहितो, तीच बोली पहिलीतल्या पोराने उच्चारली तर ती चूक ठरते! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. पेढे वाटले गेले, सत्कार झाले. आम्हालाही आनंद झाला. पण या अभिजात मराठीत गडचिरोलीच्या, मेळघाटच्या, धारावीच्या आणि बीडच्या लेकरांची मराठी धरली आहे की नाही, हे कोणी तरी सांगावे.

आता कोणी म्हणेल, की बोलीचे कौतुक ठीक, पण वाचायला शिकवायचे कसे? यातही गूढ असे काही नाही. मूल वाचायला शिकते ते आधी बोलून, ऐकून आणि मग अक्षराशी ओळख करून. आपल्या शाळांत मात्र अक्षरापासूनच सुरुवात होते, आणि तीही क, ख, ग, घ, ङ या ठरलेल्या क्रमाने. मूल महिनोन्‌महिने मुळाक्षरे घोकते, मग बाराखडी घोकते. 'ङ' पासून त्याच्या ओळखीचा एकही शब्द सुरू होत नाही, तरी तो गिरवावा लागतो. वर्ष सरत येते तेव्हा त्या पोराने एकही अर्थपूर्ण वाक्य स्वतः वाचलेले नसते. वाचणे म्हणजे ओरडणे, अशी त्याची पक्की समजूत झालेली असते.

याऐवजी मोजकीच अक्षरे आणि एखादी मात्रा बरोबर घेऊन सुरुवात करता येते. म, क, ल, र ही चार अक्षरे आणि काना घ्या. मामा, काका, काम, लाल, माल, मला, करा एवढे शब्द पहिल्या पंधरवड्यातच मुलाच्या हातात येतात. "काका, काम करा" हे वाक्य ते स्वतः वाचते आणि हसते, कारण त्याला कळलेले असते. मग पुढची चार अक्षरे, पुढची मात्रा. अक्षरगटांची ही पद्धत महाराष्ट्रात नवी नाही. फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास आणि गरीब वस्तीतल्या मुलांचा वर्ग यांची सांगड घालून ती वापरली. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात 'क्वेस्ट' ही संस्था आदिवासी पाड्यांवरच्या अंगणवाड्यांत आणि शाळांत याच प्रश्नावर काम करते. जे वाड्यात होऊ शकते ते इतर तालुक्यांत का होऊ नये?

पद्धतीइतकीच महत्त्वाची आहे ती वर्गातली वागणूक. रोज थोडा वेळ तरी मुलांना बोलू द्यावे, आणि त्यांच्या भाषेत बोलू द्यावे. एखादे मूल म्हणाले, "आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली," तर बाईंनी तेच वाक्य फळ्यावर लिहावे, त्याच्या शब्दांत लिहावे, आणि बोट फिरवत सगळ्यांकडून वाचून घ्यावे. आपण बोललो ते लिहिता येते, आणि लिहिलेले पुन्हा जसेच्या तसे ऐकू येते, हा साक्षात्कार मुलाला एकदा झाला की अक्षराची भीती निम्मी जाते. रोज एक गोष्ट पुस्तकातून वाचून दाखवावी. तोंडी सांगितलेली गोष्ट चांगलीच, पण पुस्तकातून वाचलेल्या गोष्टीमुळे छापील भाषेचे वळण मुलाच्या कानावर पडते, आणि हे वळण ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याला दुसरीकडे कुठेच मिळत नाही. गाणी, कोडी, यमके म्हणून घ्यावीत. शब्दातला पहिला आवाज कोणता, शेवटचा कोणता, हे खेळातून कळले पाहिजे, कारण अक्षर हे आवाजाचे चिन्ह आहे. आपल्या वस्तीत भीमगीतांची, जात्यावरच्या ओव्यांची एवढी दौलत आहे. ती वर्गाच्या दाराबाहेर ठेवण्याचे काय कारण?

लिहिण्याचेही तसेच. मूल 'पानी' असे लिहिते तेव्हा त्याने काय केले, हे नीट पाहावे. ते जे बोलते त्यातला प्रत्येक आवाज त्याने ओळखला, त्या आवाजाचे चिन्ह आठवले, वेलांटी योग्य जागी दिली. म्हणजे देवनागरी लिपीचे सगळे मर्म त्याला कळले. अशा वेळी पाठीवर थाप द्यायची की लाल पेनाने फुली मारायची? पुस्तकात 'पाणी' असे लिहितात, हे त्याला पुढे सांगता येते आणि सांगितलेच पाहिजे. प्रमाण भाषा आमच्या मुलांना यायलाच हवी. स्पर्धा परीक्षा, न्यायालय, कचेरी सगळीकडे तीच चालते आणि ती न शिकवणे हाही अन्यायच ठरेल. पण घरची भाषा हिसकावून घेऊन प्रमाण भाषा देता येत नाही. घरच्या भाषेच्या शेजारी ती ठेवावी लागते. गोंडी, कोरकू, भिली, पारधी, गोरमाटी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे दुपटीने खरे आहे, कारण त्यांना शाळेची मराठी ही सरळ परकी भाषाच आहे.

अक्षराची भूक किती तीव्र असते, हे वामनदादा कर्डकांच्या आयुष्यात दिसते. लहानपणी शाळा न मिळालेले वामनदादा तरुणपणी अक्षर शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे शिकले, असे सांगितले जाते. त्यांच्यासाठी रस्ताच शाळा झाला. आपल्या अंगणवाडीच्या भिंतीवर मात्र पुढाऱ्याचे चित्र आणि योजनेची जाहिरात असते, आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याला वाचता येईल असा एकही शब्द नसतो. मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या, हंड्यावर 'पाणी', दारावर 'दार', आज खिचडीत काय आहे याची एक ओळ, याला किती पैसे लागतात?

अंगणवाडीचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट बोलू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालवाडी गरिबाच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना रुजली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने हा शब्द देशभर नेला. पण शब्द गेला आणि शिक्षण मागे राहिले. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. तिथल्या सेविकेने आहार वाटायचा, वजने घ्यायची, गरोदर मातांची नोंद ठेवायची, लसीकरणाला मदत करायची, मोबाइलवर माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात, उरलाच तर, मुलांना शिकवायचे. एवढे करून तिला पगार नाही, मानधन आहे. त्या मानधनासाठी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातल्या सेविकांना दीर्घ संप करावा लागला. या सेविकांमध्ये आपल्या समाजाच्या भगिनी मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा प्रश्न हा आपल्या मुलांच्या वाचनाचाच प्रश्न आहे, हे चळवळीने ओळखले पाहिजे.

आणि कायदा? बाबासाहेबांच्या घटनेतले मूळ ४५ वे कलम 'चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत' सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याविषयी बोलत होते. त्यात सहाव्या वर्षाची खालची रेषा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाला मूलभूत हक्क केले, पण तो ६ ते १४ या वयापुरता. सहा वर्षांखालचे मूल हक्कातून निसटले आणि शासनाच्या 'प्रयत्नां'वर सोडले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय शासनाच्या मर्जीवर ठेवली. जी वर्षे भाषा घडण्याची, तीच हक्काबाहेर! श्रीमंताचे मूल या वर्षांत पैसे मोजून बालवर्गात बसते. गरिबाच्या मुलाची सुरुवातच तीन वर्षे मागून होते, आणि मग त्याला 'कच्चे' म्हटले जाते.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्र पेटला होता. २९ जून २०२५ रोजी सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, हे आमचेही मत आहे. पण त्या सगळ्या गदारोळात, पहिलीच्या मुलाला त्याची पहिली भाषा तरी वाचता येते का, हे विचारणारा आवाज फार क्षीण होता. ज्यांच्या आत्मकथनाचे नावच 'आमचा बाप आन् आम्ही' आहे, ते समितीचे अध्यक्ष व्हावेत, हा योगायोग बोलका आहे. त्या 'आन्' ला शीर्षकात मान मिळतो, पण आपल्या मुलाच्या वहीत त्यालाच फुली मिळते.

इंग्रजीविषयीही आमची भूमिका स्वच्छ आहे. इंग्रजी ही बहुजनांच्या मुक्तीची भाषा आहे. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले' मध्येच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालून आपल्याला मातृभाषेचे प्रवचन देणाऱ्यांचे आम्ही ऐकणार नाही. पण गल्लीतल्या दोन खोल्यांच्या 'कॉन्व्हेंट' मध्ये पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या आईबापांनी एक गोष्ट तपासावी. मूल कविता घडाघडा म्हणते, पण त्यातला एक तरी शब्द त्याला कळतो का? अर्थाशिवाय पाठ केलेली इंग्रजी ही घोकंपट्टीच, फक्त फी भरून केलेली. आपल्या भाषेत ज्याला वाचनाचे मर्म कळले ते मूल इंग्रजी झपाट्याने वाचू लागते, कारण वाचायचे कसे हे त्याला एकदाच शिकावे लागते. तेव्हा लहान वयात इंग्रजी कानावर पडू द्या, गाण्यांतून, गोष्टींतून पडू द्या. पण अक्षर-वाचनाची पायाभरणी मुलाला कळणाऱ्या भाषेत होऊ द्या. इंग्रजी नीट शिकवणारा शिक्षक प्रत्येक सरकारी शाळेत द्या, ही मागणी आपण जोराने केलीच पाहिजे.

केंद्राच्या 'निपुण भारत' मोहिमेने, ५ जुलै २०२१ रोजी, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावे असे उद्दिष्ट ठरवले आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली. मुदती येतात आणि जातात. म्हणून आमच्या मागण्या साध्या आणि मोजता येतील अशा आहेत. तीन ते सहा वयाच्या मुलांचे शिक्षण हा कायदेशीर हक्क व्हावा. प्रत्येक अंगणवाडीत शिकवण्यासाठी प्रशिक्षित, पगारी शिक्षिका असावी आणि त्या जागी आजच्या सेविकांना प्रशिक्षण देऊन प्राधान्याने घ्यावे. पहिली-दुसरीच्या शिक्षकाला वर्गाबाहेरच्या सरकारी कामातून पूर्ण मोकळे करावे. प्रत्येक वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी गोष्टींची पुस्तके असावीत, कपाटात कुलूप लावून ठेवलेली नकोत. आणि पट कमी म्हणून वस्तीवरची शाळा बंद करू नये, कारण सहा वर्षांचे लेकरू ओढा ओलांडून तीन किलोमीटर चालत जात नाही, ते घरीच बसते.

सरकार देईल तेव्हा देईल. आपल्या हातात काय आहे? जवळजवळ प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत आपले विहार आहे, समाजमंदिर आहे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलांना गोष्ट वाचून दाखवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी केला तर पन्नास मुलांना पुरतील एवढी चित्रांची पुस्तके येतात. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका आपण काढल्या, त्या चालूच राहाव्यात. पण वीस वर्षांच्या तरुणासाठी अभ्यासिका आणि पाच वर्षांच्या पोरासाठी काहीच नाही, हे गणित उलटे आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येक तरुणाने आठवड्यातून एक तास दोन लहान मुलांना शेजारी घेऊन वाचावे. ज्या आईला वाचता येत नाही तिनेही आपल्या मुलाला रोज एक गोष्ट सांगावी आणि त्याची बडबड ऐकावी. तीही भाषेची शाळाच आहे. आणि शाळेत जाऊन पालक सभेत प्रत्येक बापाने, प्रत्येक आईने एकच प्रश्न विचारावा, "गुरुजी, माझे लेकरू वाचते का? आमच्यासमोर वाचून दाखवा."

१८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. जोतिबा-सावित्रीमाईंच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या त्या मुलीने पेशवाईने आपल्या लोकांचे काय केले, ते रोखठोक लिहिले. तिला कोणीतरी अक्षर दिले होते आणि तिचा आवाज तिच्यापाशी राहू दिला होता. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले, ते मुक्यांना बोलते करण्यासाठी. आज पहिलीच्या वर्गात पुन्हा मुकी लेकरे तयार होत असतील, तर 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आपल्याला तिथूनच, त्या सतरंजीवर बसलेल्या सहा वर्षांच्या पोरापासूनच पाळायला सुरुवात करावी लागेल. चळवळीच्या प्रत्येक शाखेने येत्या जूनमध्ये आपल्या वस्तीतल्या पहिलीच्या वर्गात जाऊन बसावे आणि तिथे कोण बोलते आणि कोण गप्प आहे, ते आधी पाहावे.